मौना केआ: नाशिकच्या रेषेवरचा बर्फाचा डोंगर

हा आपल्या नव्या भागाचा लिखित मजकूर. हवाईयन नावं नुसती ऐकून पकडायला अवघड जातात, म्हणून इथे ती नीट लिहून दिली आहेत. प्रवासात असाल तर आधी ऐका, मग निवांत वाचा.

आजचा विषय ट्रेकचा आहे, पण सह्याद्रीतला नाही. नकाशा उघडा आणि नाशिकवरून पूर्वेकडे सरळ आडवी रेघ ओढा. ती ओडिशातून बंगालच्या उपसागरात उतरेल, म्यानमार आणि व्हिएतनाम ओलांडेल, मग पॅसिफिक महासागरात शिरेल. हजारो किलोमीटर नुसतं पाणी लागेल आणि पाण्यात मधेच एक बेट येईल, हवाई. त्या बेटावर, जवळपास आपल्या नाशिक-कळसूबाईच्याच अक्षांशावर, एक डोंगर उभा आहे. खाली नारळ, पपई आणि समुद्रकिनारा, वर हिवाळ्यात बर्फ. त्याचं नाव मौना केआ. हवाईयन भाषेत मौना म्हणजे डोंगर आणि केआ म्हणजे पांढरा. थोडक्यात, धवलगिरीच म्हणा ना.

उंची ४,२०७ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे अडीच कळसूबाया एकावर एक. आणि ही उंची फक्त समुद्राच्या वरची. डोंगराचा पाया समुद्राच्या तळाशी आहे. तिथून मोजलं तर हा डोंगर १० हजार मीटरच्या वर जातो, म्हणजे एव्हरेस्टच्या ८,८४९ मीटरपेक्षा जास्त. अर्थात, समुद्रसपाटीपासून उंच कोण, तर एव्हरेस्टच. पायथ्यापासून माथ्यापर्यंत उंच कोण, असं विचारलं तर मौना केआ.

आता हा डोंगर चढायचा कसा, चढताना शरीराचं काय होतं, आणि अगदी वर पोचल्यावर शेवटची शंभरेक पावलं टाकायची की नाही, हे तीन प्रश्न आज बघू. तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. त्यात आपल्या पुण्याचाही संबंध येतो.

हा डोंगर झाला कसा?

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हा भाग पटकन कळेल. आपला काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट, थंड झालेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून लाव्हाचे थरावर थर बाहेर आले आणि दख्खनचं पठार तयार झालं. हवाईचा दगडही बेसॉल्टच. फरक वयाचा. मौना केआचं वय सुमारे दहा लाख वर्षं. आपल्या सह्याद्रीसमोर हे अगदी तान्हं बाळ.

हवाईच्या खाली पृथ्वीच्या पोटात एक तप्त जागा आहे. तिच्यावरून पॅसिफिकचं भूकवच हळूहळू वायव्येकडे सरकतंय. म्हणजे शेगडी जागेवर आणि वरचा तवा सरकतोय. तव्याचा जो भाग शेगडीवर येतो, तिथे ज्वालामुखी तयार होतो. पुढे सरकला की तो थंड पडतो. म्हणून हवाईची बेटं एका ओळीत आहेत, वायव्येकडची जुनी, आग्नेयेकडची नवी.

मौना केआचा शेवटचा उद्रेक सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी झाला. तो झोपलाय, मेलेला नाही. शेजारचा मौना लोआ मात्र चांगला जागा आहे. त्याचा उद्रेक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला होता.

लाव्हा पातळ होता, त्यामुळे तो लांबवर पसरत गेला. म्हणून या डोंगराला आपल्या किल्ल्यांसारखे ताशीव कडे नाहीत. लांबून बघितलं तर जमिनीवर पालथी ठेवलेली ढाल वाटते. माथ्यावर मात्र लाल-तपकिरी खड्यांच्या टेकड्या आहेत. हवाईयन भाषेत टेकडीला पुउ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वाट कशी आहे?

बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर हिलो नावाचं शहर आहे, धो धो पावसाचं. तिथून दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीतून जाणाऱ्या रस्त्याने वर यायचं आणि मग मौना केआकडे वळायचं. सुमारे २,८०० मीटरवर एक माहिती केंद्र आहे. त्याला एलिसन ओनिझुका यांचं नाव दिलंय. ते याच बेटावर जन्मलेले अंतराळवीर, १९८६ मध्ये चॅलेंजर यानाच्या अपघातात गेले.

ट्रेक इथून सुरू होतो. वाटेचं नाव हुमुउला. अंतर एका बाजूने साधारण १० किलोमीटर, चढाई सुमारे १,४०० मीटर. म्हणजे तुम्ही सुरुवातच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा अकराशे मीटर उंचावरून करता. चांगल्या दमाच्या माणसाला वर जायला चार-पाच तास लागतात, कुणाला जास्तही. उतरायला आणखी तीनेक तास धरा.

पहिला टप्पाच सगळ्यात जास्त अंगावर येतो. पायाखाली सुट्टी खडी आणि लाव्हाची राख, म्हणजे आपल्या भाषेत शुद्ध घसारा. दोन पावलं वर, एक पाऊल मागे. झाडं लवकरच संपतात. सावली नाही, पाणी नाही, वाटेत लिंबू-सरबताची टपरी तर नाहीच. मग चढ थोडा मंदावतो आणि आजूबाजूला मंगळासारखा लाल, उघडा प्रदेश दिसायला लागतो.

पाऊस खाली आणि कोरडं वर, असं का? बेटावर ईशान्येकडून सतत व्यापारी वारे वाहतात. ते ओलावा आणतात, पण साधारण दोन ते अडीच हजार मीटरवर गरम हवेचा एक थर असतो आणि तो झाकणासारखं काम करतो. ढग त्या झाकणाखालीच अडकतात. हिलोत पाऊस पडत असतो आणि वर आकाश निळंशार. पावसाळ्यात गडावरून आपल्याला ढगांचा समुद्र दिसतो, तो इथे वर्षातले बरेच दिवस दिसतो.

दगडांचा कारखाना आणि आकाशातलं तळं

साधारण ३,८०० मीटरच्या आसपास केआनाकाकोई नावाची जागा लागते. ही हवाईयन लोकांची जुनी दगडखाण. पॉलिनेशियन लोक होड्यांतून, ताऱ्यांच्या आधारे दिशा ओळखत, सुमारे हजार वर्षांपूर्वी या बेटांवर आले. त्यांच्याकडे धातू नव्हता. होडी कोरायची, घर बांधायचं, तर लाकूड तासायला हत्यार दगडाचंच. आपल्या सुताराकडे वाकस असतो ना, तसं काहीसं हत्यार, फक्त पातं दगडाचं.

पण दगड इथलाच का? शेवटच्या हिमयुगात मौना केआच्या डोक्यावर बर्फाची जाड टोपी होती. लाव्हा त्या बर्फाखाली बाहेर आला आणि झटकन थंड झाला. त्यामुळे तो अतिशय घट्ट आणि बारीक कणांचा झाला. असा दगड नीट फुटतो आणि त्याला धार टिकते. म्हणून माणसं किनाऱ्यावरून एवढ्या उंचीवर, कडाक्याच्या थंडीत चढून यायची. तिथे आजही दगडाच्या कपच्यांचे ढीग आहेत आणि उभ्या दगडांची छोटी देवस्थानं आहेत. एकही कपची खिशात घालायची नाही. हे राखीव क्षेत्र आहे आणि बंदी कायद्याने आहे.

थोडं वर वायआऊ नावाचं तळं आहे, जवळजवळ ३,९७० मीटरवर. उष्ण कटिबंधातल्या बेटाच्या ज्वालामुखीवर, खड्यांच्या टेकडीच्या कुशीत, हे छोटंसं हिरवट पाणी. हवाईयन कुटुंबांत बाळाची नाळ इथे आणून ठेवायची प्रथा आहे. नाळेला आणि बेंबीला त्यांच्या भाषेत शब्द एकच, पिको. आणि डोंगराचा माथाही पिकोच. आकाशपिता वाकेआ आणि धरणीमाता पापा यांच्यापासून बेटं जन्मली, माणसंही जन्मली, अशी त्यांची कथा आहे. म्हणजे डोंगर हा त्यांच्या नात्यातला, घरातला थोरला. बर्फाची देवी पोलीआहू माथ्यावर राहते, धुक्याची देवी लिलिनोए तिच्या सोबतीला. शेजारच्या ज्वालामुखीची देवी पेले हिच्याशी पोलीआहूचं भांडण. बर्फ आणि आग एकाच बेटावर का आहेत, याचं उत्तर त्या कथेत मिळतं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. कळसूबाईच्या माथ्यावर देऊळ आहे, तिथे आपण बूट काढतोच की.

शरीराचं काय होतं?

आता नीट ऐका, कारण हा भाग जिवाशी संबंधित आहे.

४,२०० मीटरवर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, २१ टक्के. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. म्हणजे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी. शरीर याला जुळवून घेतं, पण वेळ घेऊन. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. विमानाने तिथे उतरल्यावर पहिले एक-दोन दिवस आराम करा म्हणतात, ते यासाठीच.

मौना केआचा धोका इथेच आहे. सकाळी तुम्ही समुद्रात डुंबताय आणि गाडीने दोन तासांत ४,२०० मीटरवर. शरीराला काही कळायच्या आत तुम्ही वर. हिमालयात रस्ता लांब असतो, त्यामुळे नाइलाजाने का होईना, वेळ मिळतो. इथे रस्ता जवळ आहे हाच तोटा.

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, भूक जाणं, विचित्र थकवा, ही पहिली लक्षणं. इथे थांबायचं, वर जायचं नाही. आराम पडला नाही तर उतरायचं. पण चालताना तोल जायला लागला, बोलणं बरळल्यासारखं झालं, आराम करतानाही धाप लागली किंवा खोकल्यातून फेस आला, तर मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी होत असण्याची शक्यता असते. मग उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं आणि वैद्यकीय मदत घेणं. "पाच मिनिटं बसतो, मग बघू" हे चालत नाही. आणि तुम्ही फिट आहात, मॅरेथॉन पळता, याचा या आजाराशी संबंध नाही. तो तगड्यालाही होतो.

म्हणून काही साध्या गोष्टी:

- माहिती केंद्रावर किमान अर्धा तास थांबा. ट्रेक करणार असाल तर आदल्या दिवशी थोडी उंची गाठून आलेलं जास्त बरं.
- स्कुबा डायव्हिंग केलं असेल तर पुढचे २४ तास वर जाऊ नका. रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुडे धरतो.
- गरोदर स्त्रिया, लहान मुलं, हृदयाचा किंवा श्वसनाचा त्रास असलेली माणसं यांनी केंद्राच्या वर जाऊ नये, असा सल्ला दिला जातो.
- पाणी स्वतःचं न्या, माणशी तीन-चार लिटर. वाटेत कुठेही मिळत नाही.
- गरम कपडे, वाऱ्याचं जाकीट, हातमोजे, सनस्क्रीन, गॉगल. थंडी वाजत असतानाही ऊन चामडी सोलून काढतं.
- निघताना नोंद करा, लवकर निघा, आणि किती वाजता परत फिरायचं ते आधीच ठरवा. माथा दिसत असला तरी ती वेळ झाली की मागे वळा.
- वाट सोडू नका. यामागे तुमच्या सुरक्षेइतकंच दुसरं कारण आहे, ते लगेच सांगतो.

त्या ओसाड माथ्यावर कोण राहतं?

माथ्याच्या खड्यांमध्ये वेकिऊ नावाचा तांदळाच्या दाण्याएवढा किडा राहतो. जगात फक्त इथेच. वाऱ्याबरोबर खालून उडत येऊन थंडीने गारठलेले किडे खाऊन तो जगतो. त्याच्या रक्तात गोठू न देणारं रसायन असतं. त्याचं घर म्हणजे सुट्ट्या खड्यांमधल्या फटी. तुम्ही शॉर्टकट मारलात की त्याच्या घराचं छप्पर कोसळतं.

दुसरी रहिवासी आहिनाहिना. चांदीसारख्या चकाकत्या पानांची वनस्पती. ती अनेक वर्षं वाढते, आयुष्यात एकदाच उंच तुऱ्याने फुलते आणि मरते. आपली कारवी सात-आठ वर्षांनी फुलून जाते, तिच्याच पंथातली म्हणा. एकेकाळी ही उतारावर पसरलेली होती. बाहेरून आणलेल्या मेंढ्या-बकऱ्यांनी ती फस्त केली. आज उरलेली रोपं कुंपणात जपावी लागतात.

दुर्बिणी, आणि पुण्याचा धागा

वर पोचल्यावर पांढरे घुमट दिसतात. कोरडी हवा, खालीच अडकलेले ढग, समुद्रावरून येणारा संथ वारा आणि गडद अंधार, यामुळे खगोल निरीक्षणासाठी ही जगातली एक सर्वोत्तम जागा आहे. १९६० मध्ये त्सुनामीने हिलो उद्ध्वस्त केलं, त्यानंतर तिथल्या लोकांना रोजगार हवा होता. खगोलशास्त्राकडे त्या आशेने बघितलं गेलं. १९६८ मध्ये राज्याने माथ्याची जमीन हवाई विद्यापीठाला ६५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. पुढे इथे तेरा दुर्बिणी उभ्या राहिल्या.

त्यांनी काम मोठं केलं. नेपच्यूनच्या पलीकडच्या कायपर पट्ट्यातली प्लूटोनंतरची पहिली वस्तू १९९२ मध्ये इथून सापडली. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवरावरच्या संशोधनासाठी आंद्रेआ गेझ यांना २०२० मध्ये नोबेल मिळालं, त्यांची निरीक्षणं इथल्या केक दुर्बिणींवरची.

मग भांडण कशावरून? तर जमीन कुणाची यावरून. हवाई हे स्वतंत्र राज्य होतं. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवली गेली आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली. १९९३ मध्ये अमेरिकी संसदेने याबद्दल ठराव करून माफी मागितली, जमीन मात्र परत आली नाही. मौना केआचा माथा याच जमिनींत येतो. डोंगराची देखभाल नीट होत नाही, असं राज्याच्या लेखापरीक्षकांनीही १९९८ मध्ये नोंदवलं होतं.

या पार्श्वभूमीवर आली तीस मीटर दुर्बीण. ३० मीटर व्यासाचा, ४९२ तुकड्यांचा आरसा. या प्रकल्पात अमेरिकी संस्थांबरोबर जपान, कॅनडा आणि भारत भागीदार आहेत. भारताचा वाटा सुमारे १० टक्के. भारतातर्फे तीन संस्था: बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था, नैनितालची एरीज आणि पुण्याची आयुका. हो, पुणे विद्यापीठाच्या आवारातली, जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका.

२०१५ मध्ये बांधकाम अडवणाऱ्या ३१ जणांना अटक झाली. त्याच वर्षी हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाना रद्द केला, कारण सुनावणी पूर्ण व्हायच्या आधीच तो दिला होता. २०१८ मध्ये न्यायालयाने नवा परवाना मान्य केला. जुलै २०१९ मध्ये हजारो लोक पायथ्याच्या रस्त्यावर जमले. सगळ्यात पुढे बसले होते कुपुना, म्हणजे घरातले आजी-आजोबा. पोलिसांनी त्यांना अटक केली, काहींना उचलून न्यावं लागलं. ते स्वतःला आंदोलक म्हणवत नाहीत, कियाई म्हणवतात. कियाई म्हणजे राखणदार.

इथे घाईने "विज्ञान विरुद्ध श्रद्धा" असा शिक्का मारू नका. याच लोकांचे पूर्वज तारे वाचत महासागर ओलांडून आले होते, त्यांना आकाशाचं वावडं कसं असेल? त्यांचा प्रश्न साधा आहे, आमच्या घरात बांधताना आम्हाला विचारलं का? आणि दुसरी बाजू हीसुद्धा, की काही हवाईयन लोक दुर्बिणीच्या बाजूने आहेत. त्यांना यात शिक्षण आणि नोकऱ्या दिसतात. एकाच घरात दोन मतं असतात.

२०२२ मध्ये राज्याने कायदा करून डोंगराचा कारभार नव्या प्राधिकरणाकडे सोपवायचं ठरवलं. त्यात मूळ हवाईयन लोकांनाही जागा आहे. काही जुन्या दुर्बिणी उतरवण्यात आल्या. तीस मीटर दुर्बीण अजून उभी राहिलेली नाही.

शेवटची शंभर पावलं

तर आता तिसरा प्रश्न. वाट शेवटी रस्त्याला मिळते आणि दुर्बिणींपाशी येते. खरा सर्वोच्च बिंदू मात्र पलीकडच्या टेकडीवर आहे, पुउ वेकिऊ. मधे थोडा उतार, मग छोटासा चढ. अंतर अगदी किरकोळ. पण ती जागा पवित्र आहे, तिथे चढू नका, अशी विनंती पर्यटकांना केली जाते. कुणी तुम्हाला ओढून मागे आणणार नाही. निर्णय तुमचा.

आपण ट्रेकर लोक माथ्याचे वेडे. "टॉपला टच नाही तर ट्रेक कसला" असं म्हणणारे ग्रुपमध्ये असतातच. पण विचार करा, या कड्यावर उभं राहिलं की ढगांच्या समुद्राच्या पलीकडे माउई बेटावरचा हालेआकाला दिसतो, समोर मौना लोआ पसरलेला असतो. सूर्य मावळताना डोंगराची त्रिकोणी सावली पूर्वेच्या ढगांवर लांबत जाते. पलीकडच्या टेकडीवरून यापेक्षा वेगळं काही दिसत नाही. मिळतो तो फक्त एक फोटो आणि एक आकडा.

हवाईयन भाषेत एक शब्द आहे, कुलेआना. त्यात हक्क आणि जबाबदारी हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत. एक आला की दुसरा आपोआप येतो. आपल्या गडांवर नावं कोरणाऱ्यांना, टाक्यांत बाटल्या टाकणाऱ्यांना आपण हेच तर सांगत असतो. तोच नियम आपण पाहुणे असताना आपल्यालाही लागू होतो. आमचं मत विचाराल तर, अलीकडेच थांबा, डोळे भरून बघा आणि दिवस बुडायच्या आत सांभाळून उतरा.

तुम्ही काय केलं असतं? आणि आपल्या देशाचा पैसा ज्या प्रकल्पात आहे, त्याच्या जमिनीबद्दल आपण विचारायला हवं की नको? तुमचं उत्तर व्हॉइस नोटमध्ये पाठवा, मुद्देसूद असलेली पुढच्या भागात ऐकवू. तोवर, भरपूर पाणी प्या आणि घसाऱ्यावर पाय जपून टाका. भेटूच!